हरसूलची सकाळ

‘खेड्यातली संथ सकाळ’ ही मराठी ललित गद्याने फार जिव्हाळ्याने जपलेली वस्तू आहे. कौलांतून निघणारा धूर, गोठ्यातली घुंगरे, दुरून येणारी जात्याची घरघर आणि ओसरीवर कशाचीच घाई नसलेला एक म्हातारा, एवढे सामान जमवले की परिच्छेद उभा राहतो. या चित्रात खोटे असे काही नाही. पण ते ओसरीवर बसून काढलेले चित्र आहे. जात्याचा खुंटा हाती असलेल्या व्यक्तीने काढलेले नाही. हा फरक हरसूलच्या निमित्ताने तपासून पाहावा, असे आम्हाला वाटते. (छत्रपती संभाजीनगरचे, तुरुंगामुळे आणि तलावामुळे ठाऊक असलेले हरसूल ते हे नव्हे.)

आमचे हरसूल नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, गुजरातच्या हद्दीजवळ आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली आणि कातकरी यांच्या पाड्यांचा हा मुलूख. येथले पाणी पश्चिमेकडे, समुद्राकडे धावते. पूर्वी हा प्रदेश पेठ संस्थानात मोडे. औरंगजेबाच्या काळात मुसलमान झालेल्या दळवी घराण्याचे ते संस्थान. आडरान म्हणावे असेच हे ठिकाण, आणि तरीही इंग्रजी दप्तरात ते ठळकपणे येते ते झोपेत नव्हे. १८५७ च्या डिसेंबरात, उत्तरेतला उठाव अजून चालू असताना, त्र्यंबक आणि पेठ भागांतले भिल्ल व कोळी उठले आणि हरसूलचा बाजार लुटला गेला. बंडाचा बंदोबस्त झाल्यावर पेठच्या गादीवर हक्क सांगणारे भगवंतराव फासावर गेले. पाड्यावरच्या माणसांनी सरकारी अंमल आणि बाजार एकाच वेळी लक्ष्य करावेत यात आम्हाला नवल वाटत नाही. त्यांच्या दिवसाचा हिशेब हेच दोघे ठेवत होते.

१८७८ साली पेठची बेगम वारली आणि संस्थान खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात आले. त्याच वर्षी हिंदुस्थानचा वनकायदा झाला. दोन्ही गोष्टी एकाच सालात याव्यात हा योगायोग. परंतु पाड्यावरून पाहता त्या एकच होत्या. काल ज्या रानात फांदी तोडली, त्या रानाला आज राखणदार आला.

ही फांदी का लागे, हे समजले नाही तर इथली सकाळ समजत नाही. डोंगरउतारावर नागली, वरई, खुरासणी आणि खाचरांत भात, अशी येथली शेती. पाऊस मुसळधार, माती पातळ. रोप टाकण्याच्या तुकड्यावर आधी शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या आणि माती यांचे थर देऊन, वारा पडलेला पाहून ते जाळायचे. याला राब म्हणतात. त्या राखेत तण मरते आणि रोप जोमाने येते. म्हणजे पावसाळ्यातल्या रोपाची तयारी हिवाळ्यापासून डोक्यावर भारे वाहून होत असते. जंगलखात्याच्या लेखी मात्र ही झाडांची नासधूस होती. शेजारच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून एवढा असंतोष माजला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. कोणत्या झाडाच्या किती फांद्या छाटाव्यात, यावर विद्वान माणसे खल करत बसली. राब हा शब्द आपल्या साहित्यात मात्र बहुधा ‘राबणे’ या क्रियापदातूनच येतो. त्यामागची राख कुणाला दिसत नाही.

तीच गोष्ट मोहाची. चैत्राच्या आसपास मोहाची फुले रात्रभर गळतात. उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचले नाही, तर ती गुरे खातात, रानडुकरे खातात, ऊन लागून ती कोमेजतात. पहाटेची ही धावपळ ‘निसर्गाशी एकरूप’ वगैरे म्हणून सांगायला सोपी आहे. पण १८९२ मध्ये मुंबई सरकारने मोहाच्या फुलांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावर बंधने आली. कारण उघड आहे. घरी गाळलेली दारू अबकारीच्या उत्पन्नाला मारक होती. भुकेच्या दिवसांत तीच फुले वाळवून, शिजवून खाल्ली जातात, ही बाब महसुलाच्या आकड्यांत मावत नव्हती. राज्याने मोहफुलांचे संकलन आणि साठवण यांवरील निर्बंध हटवले ते २०२१ मध्ये.

आता जाते. नागलीचे पीठ भाकरीपुरते रोज लागते आणि ते पहाटे, इतर कामे सुरू होण्याआधीच दळावे लागे. जात्यावरच्या ओव्यांचे आपल्याकडे फार मोलाचे संकलन झाले आहे. साने गुरुजींनी त्या वेचल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी मुळशीपासून सुरुवात करून लाखाच्या घरात ओव्या जमवल्या. या कामाबद्दल आम्हाला आदरच आहे. तक्रार आहे ती वाचकाबद्दल. त्याला ओवी ऐकू येते, धान्याचे वजन जाणवत नाही. गिरणी आल्यावर ‘ओवी गेली’ म्हणून जे हळहळले, त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी कधी जाते ओढले असेल. बाईची पहाटेची तासाभराची झोप वाढली, याचा आनंद कुणी लेखात मांडल्याचे आमच्या वाचनात नाही.

संथपणा येथे नाहीच, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पीक घरात आल्यानंतरचे दिवस, डोंगरदेवाच्या रात्री, आणि बोहाडा! लाकडी आणि कागदी मुखवटे चढवून, वाद्यांच्या तालावर एकेक देव मशालींच्या उजेडात नाचत येतो आणि रात्र संपता संपता देवी महिषासुराला मारते. पेठ, सुरगाणा, मोखाडा, जव्हार या साऱ्या पट्ट्यात हा उत्सव आहे. त्यानंतरची सकाळ खरोखर सुस्त असते. ती कमावलेली असते.

एरवीची सकाळ मात्र गिरणाऱ्याला पाहावी. नाशिकलगतच्या या गावी पेठ, सुरगाणा, हरसूल भागांतले मजूर उजाडताच उभे राहतात. द्राक्षे आणि टोमॅटोवाले शेतकरी येतात, रोज ठरतो, माणसे गाडीत चढतात. भात कापून झाले की येथली शेती थांबते, पोट थांबत नाही. जुन्या वेठीशी याची बरोबरी करता येणार नाही. येथे दर ठरतो, नकार देता येतो. (वेठबिगारीविरुद्ध १९४५ च्या वारली लढ्याची कहाणी गोदूताई परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये सांगितली आहे.) पण जो जिवंत पाण्याच्या आणि पावसाच्या मुलखात राहतो, त्याने कोरड्या मुलखातली द्राक्षे खुडायला जावे, हे उलटे गणित आहे.

पाण्याचेही तसेच. हरसूलजवळच्या शेंद्रीपाड्यावरच्या बायका तास नदीच्या खोल दरीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून, डोक्यावर हंडे घेऊन जात. त्या छायाचित्रांनी महाराष्ट्र हळहळला, २०२२ च्या जानेवारीत लोखंडी पूल झाला, आणि त्याच वर्षी जुलैच्या पुराने तो नेला.

वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. कसत असलेली वनजमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असल्याचे दाखवायचे, म्हणजे ज्यांचे सारे व्यवहार तोंडी त्यांनी कागद आणायचा. दावे रखडले. ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईकडे पायी निघाला आणि त्यात या डोंगरपट्ट्यातली माणसे हजारोंनी होती. ११ तारखेला रात्री ती शीवच्या सोमय्या मैदानावर पोहोचली. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. रस्ते अडले तर शहरातल्या मुलांची अडचण होईल म्हणून त्यांनी विश्रांती सोडली, आणि सोललेल्या पायांनी मध्यरात्रीनंतर पुन्हा चालू लागून मुंबई उठायच्या आत आझाद मैदान गाठले. सरकारने लेखी आश्वासन दिले. २०२३ च्या मार्चमध्ये त्याच मागण्यांपैकी बऱ्याच घेऊन मोर्चा दिंडोरीहून पुन्हा निघाला.