सागरी स्पंज : वर्गीकरण व विविधता

सागरी स्पंज : समुद्रातील खडक, प्रवाळ, शिंपले किंवा गाळाचा तळ यांना चिकटून राहणारे आणि पाणी गाळून अन्न मिळवणारे बहुपेशीय प्राणी. यांचा समावेश पोरिफेरा अर्थात छिद्री संघात होतो. या संघातील साडेनऊ हजारांहून अधिक जातींचे वर्णन आजवर झाले असून गोड्या पाण्यातील सुमारे अडीचशे जाती सोडल्या, तर बाकीच्या सर्व सागरी आहेत. भरती-ओहोटीच्या पट्ट्यापासून अतिखोल समुद्रतळापर्यंत आणि विषुववृत्तापासून ध्रुवप्रदेशांपर्यंत ते आढळतात. त्यांना तोंड, आतडे, हृदय, स्नायू व मज्जासंस्था नसते. तरीही कँब्रियन कालखंडापासून आजतागायत हा संघ टिकून आहे आणि आजच्या समुद्रातही त्याची भरभराट आहे.

शरीररचना : स्पंजाच्या पृष्ठभागावर असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी आत शिरते, कालव्यांच्या जाळ्यातून लहान कोष्ठांत पोचते आणि शेवटी एका किंवा अनेक मोठ्या मुखांतून बाहेर पडते. हा प्रवाह कोष्ठांच्या आतील कॉलर पेशी निर्माण करतात. अशा प्रत्येक पेशीला एक कशाभिका आणि तिच्याभोवती सूक्ष्म तंतूंची कॉलर असते. कशाभिकेच्या हालचालीने पाणी पुढे सरकते आणि कॉलरमध्ये जीवाणू व सेंद्रिय कण अडकतात. काही जातींचे स्पंज दिवसभरात स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी गाळतात. बाहेरील आवरण आणि कोष्ठांचे अस्तर यांमध्ये कोलॅजेनयुक्त मधला थर असतो. त्यात फिरत्या पेशी व सांगाडा असतो. सांगाडा सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटच्या कंटिकांचा (कठीण, टोकदार काट्यांचा), स्पाँजिन या प्रथिनाच्या तंतूंचा किंवा दोहोंचा मिळून बनतो. स्पंजाच्या पेशींमध्ये विलक्षण लवचीकता असते. १९०७ साली अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज बारीक कापडातून दाबून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या पेशी पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांपासून नवे स्पंज तयार झाले.

वर्गीकरणाचा आधार : स्पंजांची ओळख बाह्य रूपावरून करणे धोक्याचे असते. एकाच जातीचा स्पंज लाटांच्या माऱ्यात खडकावर पातळ थरासारखा पसरतो आणि संथ पाण्यात बोटांसारख्या शाखा काढतो. उलट, दूरच्या दोन कुलांतील स्पंज रंगाने व आकाराने अगदी सारखे दिसू शकतात. म्हणून अभ्यासक कंटिकांकडे वळतात. स्पंजाचा लहान तुकडा विरंजक द्रावणात ठेवला की मऊ भाग विरघळतो आणि कंटिका तळाशी उरतात. कॅल्शियमच्या कंटिका आम्लात विरघळतात, सिलिकाच्या टिकून राहतात. वर्ग ओळखण्याची ही जुनी आणि अजूनही उपयोगी चाचणी आहे. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली कंटिकेचे अक्ष किती, टोके किती, ती काटेरी आहे की गुळगुळीत, आणि सांगाड्यात तिची मांडणी कशी आहे, हे पाहिले जाते. सांगाड्याचा आधार असलेल्या मोठ्या कंटिका आणि ऊतींत विखुरलेल्या सूक्ष्म कंटिका असा भेदही केला जातो. काही स्पंजांना कंटिका नसतात. त्यांच्या बाबतीत तंतूंची रचना, पेशींची घडण, डिंभाचे स्वरूप आणि अलीकडे डीएनए यांवर भर द्यावा लागतो.

इतिहास : ॲरिस्टॉटलने स्पंजांना संवेदना असावी असे नोंदवले होते. तरी पुढे अनेक शतके त्यांच्या प्राणी असण्याविषयी शंकाच राहिली. लिनीअसने त्यांना आधी शैवलांत ठेवले आणि नंतर वनस्पती व प्राणी यांच्या सीमेवरच्या गटात हलवले. १७६५ साली जॉन एलिस यांनी स्पंजातून वाहणारे पाणी पाहिले. १८२० च्या दशकात एडिंबरा येथील रॉबर्ट ग्रँट यांनी पाणी बारीक छिद्रांतून आत जाते आणि मोठ्या मुखांतून बाहेर येते हे प्रयोगांनी दाखवले. पोरिफेरा हे नाव त्यांचेच.

या इतिहासात मुंबईलाही मानाचे स्थान आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यचिकित्सक हेन्री जॉन कार्टर यांनी १८४० च्या दशकात मुंबई बेटावरील तळ्यांमधील गोड्या पाण्याच्या स्पंजांचा बारकाईने अभ्यास केला, त्यांची रचना तपासली आणि ते प्राणीच आहेत या मताला पुष्टी दिली. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी जगभरातून आलेले सागरी स्पंज अभ्यासले, असंख्य जातींची वर्णने लिहिली आणि ते त्या काळचे अग्रगण्य स्पंजतज्ज्ञ ठरले. भारतातील तळ्यांत आढळणाऱ्या युनॅपियस कार्टेरी या स्पंजाच्या नावात त्यांची स्मृती आहे.

१८७२ साली एर्न्स्ट हेकेल यांचा चुनखडी स्पंजांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी निघालेल्या चॅलेंजर जहाजाच्या मोहिमेने १८७६ पर्यंत खोल समुद्रातून आणलेल्या नमुन्यांमुळे या विषयाचा आवाका एकदम वाढला. शुल्त्से, सोलस, रिडली व डेंडी यांचे त्यावरील अहवाल आजही संदर्भासाठी उघडले जातात. विसाव्या शतकाच्या मध्यात फ्रान्सचे क्लोद लेव्ही यांनी प्रजननपद्धतीला महत्त्व देऊन डेमोस्पंजांची विभागणी केली. ती कित्येक दशके प्रचलित होती. पुढे डीएनएच्या पुराव्यापुढे ती टिकली नाही. २००२ साली जॉन हूपर व रॉब व्हान सोस्ट यांनी संपादित केलेला ‘सिस्टेमा पोरिफेरा’ हा द्विखंडी ग्रंथ आला आणि विखुरलेली माहिती प्रथमच एका चौकटीत बसली.

वर्ग : सध्या हयात स्पंजांचे चार वर्ग मानले जातात.

(१) डेमोस्पंजी : एकूण जातींपैकी सुमारे चार पंचमांश जाती या वर्गात येतात. सांगाडा सिलिकाच्या कंटिकांचा, स्पाँजिनचा किंवा दोन्हींचा असतो. काहींत दोन्ही नसतात. २०१५ साली क्रिस्टीन मॉरो व पाको कार्डेनास यांनी सुचवलेल्या मांडणीनुसार याचे तीन उपवर्ग आहेत. केरॅटोसा उपवर्गात फक्त तंतुमय सांगाडा असलेले स्पंज येतात. भूमध्य समुद्रातील स्नानाचा स्पंज, स्पाँजिया ऑफिसिनॅलिस, त्यांपैकीच. ग्रीसच्या कालिम्नॉस बेटावरील पाणबुड्यांच्या अनेक पिढ्या त्यावर जगल्या. व्हेराँजिमॉर्फा उपवर्गातील अनेक जातींत कंटिका नसतात, मात्र ब्रोमीनयुक्त संयुगे मुबलक असतात. उरलेले बहुसंख्य डेमोस्पंज हेटेरोस्क्लेरोमॉर्फा उपवर्गात मोडतात. प्रवाळखडकांवरील प्रचंड पिंपस्पंज, शिंपले व प्रवाळ पोखरणारे क्लायोना आणि गोड्या पाण्यातील सर्व स्पंज यांतच आहेत.

(२) हेक्झॅक्टिनेलिडा : काचस्पंज. सिलिकाच्या त्रिअक्षी, सहा टोकांच्या कंटिका ही यांची खूण. शरीराचा बहुतेक भाग पेशीभित्तींनी विभागलेला नसून अनेक केंद्रके असलेल्या सलग जीवद्रव्याच्या जाळ्याचा बनलेला असतो. त्यातून विद्युत् संदेश पसरून संपूर्ण स्पंजाचे पाणी खेचणे एकदम थांबू शकते. मज्जातंतू नसलेल्या प्राण्यात ही क्षमता असणे अपूर्व आहे. बहुतेक जाती खोल पाण्यात राहतात. युप्लेक्टेला ॲस्परजिलमच्या नाजूक काचजाळीत कोळंबीची जोडी लहानपणी शिरते आणि वाढल्यावर बाहेर पडू न शकल्याने जन्मभर आतच राहते. मोनोरॅफिस चुनी हा स्पंज तळाशी रोवलेल्या एकाच कंटिकेवर उभा असतो आणि ती तीन मीटरपर्यंत वाढते. अशा एका कंटिकेचे वय सुमारे अकरा हजार वर्षे असल्याचा अंदाज रासायनिक विश्लेषणातून काढण्यात आला आहे. काचस्पंजांचे खडक केवळ जीवाश्मरूपात उरले आहेत असा समज होता. १९८७ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया किनाऱ्यालगत हेकाटे सामुद्रधुनीत त्यांचे जिवंत खडक सापडले. हजारो वर्षे वाढत आलेल्या या खडकांना तळ खरवडणाऱ्या जाळ्यांमुळे इजा झाली होती. २०१७ पासून तो प्रदेश संरक्षित आहे.

(३) कॅल्केरिया : चुनखडी स्पंज. कंटिका कॅल्शियम कार्बोनेटच्या, दोन, तीन किंवा चार टोकांच्या असतात. आकार बहुधा लहान, काही सेंटिमीटरांपुरता असतो. साध्या नळीपासून गुंतागुंतीच्या कालवेजाळ्यापर्यंत शरीररचनेच्या सर्व पायऱ्या याच एका वर्गात दिसतात, म्हणून पाठ्यपुस्तकांत ल्युकोसोलेनिया व सायकॉन यांची उदाहरणे असतात. कॉलर पेशीतील केंद्रकाचे स्थान आणि डिंभाचा प्रकार यांवरून कॅल्सिनिया व कॅल्कॅरोनिया असे दोन उपवर्ग केले जातात.

(४) होमोस्क्लेरोमॉर्फा : शंभरावर जातींचा लहान वर्ग. कंटिका असल्या तर अगदी बारीक; ऑस्करेलासारख्या प्रजातींत त्या नसतातच. पूर्वी यांना डेमोस्पंजांत धरले जाई. परंतु त्यांच्या पेशीस्तराखाली आधारपटल असते, ते इतर प्राण्यांच्या ऊतींशी जुळते, आणि डीएनएचा पुरावाही त्यांना वेगळे ठरवतो. २०१२ साली त्यांना स्वतंत्र वर्गाचा दर्जा देण्यात आला.

वर्गीकरणातील एक महत्त्वाची दुरुस्तीही येथे नोंदवायला हवी. जमैकाच्या प्रवाळखडकांतील अंधाऱ्या कपारींत चुन्याचा भरीव पाया घडवणारे स्पंज सापडले, तेव्हा १९७० साली हार्टमन व गोरो यांनी त्यांच्यासाठी स्क्लेरोस्पंजी हा वर्ग निर्माण केला. पुढे झां व्हासले यांनी असा पाया वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे निर्माण झाल्याचे दाखवले आणि तो वर्ग मोडीत निघाला. सांगाड्यातील साम्य म्हणजे नाते नव्हे, हा धडा त्यातून मिळाला.

विविधता : स्पंज म्हणजे पाणी गाळणारा प्राणी ही व्याख्यासुद्धा सर्वांना लागू होत नाही. १९९५ साली व्हासले व बुरी-एस्नो यांनी भूमध्य समुद्रातील एका उथळ गुहेत मांसाहारी स्पंज आढळल्याचे प्रसिद्ध केले. क्लॅडोरायझिडी कुलातील या स्पंजाला कालवेही नाहीत आणि कॉलर पेशींचे कोष्ठही नाहीत. बारीक आकड्यांसारख्या कंटिकांनी भरलेल्या तंतूंत लहान कवचधारी प्राणी अडकले की पेशी त्यांच्याभोवती वाढतात आणि त्यांना पचवतात. अन्नकणांची वानवा असलेल्या खोल समुद्रात या कुलाच्या अनेक जाती राहतात.

डीएनएच्या अभ्यासातून लपलेली विविधताही पुढे येत आहे. काँड्रिला न्यूक्युला ही जगभर पसरलेली एकच जाती समजली जात होती. जनुकीय तपासणीत त्या नावाखाली अनेक जाती असल्याचे दिसले. जागतिक प्रसार असलेल्या इतर ‘जाती’ही अशाच विभागल्या जात आहेत.

स्पंजांच्या ऊतींत जीवाणूंचे समृद्ध समुदाय राहतात. पळता न येणारा हा प्राणी रासायनिक संयुगांनी स्वतःचे रक्षण करतो. १९५० च्या सुमारास कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजापासून बर्गमन व फीनी यांनी वेगळी न्यूक्लिओसाइडे मिळवली. त्यांच्या धर्तीवर रक्ताच्या कर्करोगावरील सायटॅराबीन हे औषध तयार झाले. जपानच्या हॅलिकाँड्रिया ओकाडाई स्पंजातील हॅलिकाँड्रिन बी या संयुगावरून बनवलेले एरिब्युलिन २०१० पासून स्तनाच्या कर्करोगावर वापरात आहे.

भारतीय समुद्र : मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार हे भारतातील समृद्ध प्रदेश होत. आर्थर डेंडी यांनी मद्रास व श्रीलंकेच्या स्पंजांवर, तर शुल्त्से यांनी इन्व्हेस्टिगेटर जहाजाने हिंदी महासागरातून गोळा केलेल्या काचस्पंजांवर लेखन केले. स्वातंत्र्योत्तर काळात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या पी. ए. थॉमस यांनी मन्नारच्या आखातातील जातींची तसेच शिंपले पोखरणाऱ्या स्पंजांची पद्धतशीर नोंद केली. कोकण व गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यांवरही ओहोटीच्या वेळी स्पंज दिसतात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत हणजुणे (अंजुना) येथील सिनॅकिरेला या गोलाकार स्पंजावर संशोधन झाले आहे.

२००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात सर्व चुनखडी स्पंजांचा समावेश करण्यात आला. जाळ्यात आलेला तुकडा संरक्षित वर्गातला आहे की नाही, हे त्याच्या कंटिका तपासल्याशिवाय सांगता येत नाही. औषधाचा स्रोत ठरलेली जाती पुन्हा शोधायची असो वा तापत्या समुद्रात कोणती जाती नाहीशी होत आहे हे जाणायचे असो, आधी तिला नाव हवे. ते देणारे तज्ज्ञ जगात मोजके आहेत. म्हणून आपल्या किनाऱ्यावरील स्पंजांचे नमुने जमवणे, जपणे आणि त्यांची ओळख पटवू शकणारे अभ्यासक घडवणे ही सागरी संवर्धनाची पहिली गरज आहे.