दंतोद्‌भव संसर्ग व प्रतिजैवरोध

दंतक्षय किंवा हिरड्यांचा रोग यांमुळे दाताच्या मुळाशी पोहोचलेले सूक्ष्मजंतू जबडा, मुखतल व मान यांतील ऊतकांत पसरून जो पूयजनक विकार उद्‌भवतो, त्यास दंतोद्‌भव संसर्ग म्हणतात. खालच्या जबड्यातील मागच्या दाढांची मुळे मुखतलाच्या स्नायूपेक्षाही खालच्या पातळीवर असल्याने तेथील पू हनुवटीखाली व पुढे घशाच्या बाजूस सहज उतरतो. मुखतलाच्या दोन्ही बाजूंस पसरलेली सूज जिभेला वर व मागे ढकलते आणि श्वासमार्ग बंद होऊन रोगी काही तासांत दगावू शकतो. या अवस्थेचे वर्णन लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ मध्ये केले व तिला त्याचेच नाव मिळाले. प्रतिजैव पदार्थ येण्यापूर्वी तिच्यात निम्म्याहून अधिक रोगी मृत्यू पावत.

दोष दातात आहे, हे ज्ञान मात्र त्याहून पुष्कळ जुने आहे. नाडीव्रण झालेला दात काढून टाकावा, उपेक्षा केल्यास जबड्याचे हाड भेदले जाते, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. वरच्या दातांबाबत तिने अपवाद केला असला, तरी मूळ विचार आजही ग्राह्य आहे.

मुखातील सूक्ष्मजंतूंवरील डब्ल्यू. डी. मिलर यांचा ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. औषध हाती येण्यास त्यानंतर अर्धशतक लागले. महाराष्ट्रात पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. सोलापूर येथे वैद्यकीय महाविद्यालय (आजचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) १९६३ मध्ये निघाले, तोवर परदेशातून येणारे हे दुर्मिळ औषध देशी बनले होते. मुखातील मालागोलाणूंवर ते प्रभावी होते व त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले.

या यशातच एक गैरसमज रुजला. औषधाने सूज उतरते, म्हणून दात राखला तरी चालेल, असे रोग्याला वाटू लागले. वास्तविक मगज मृत झालेल्या दातात रक्तप्रवाह नसतो आणि बंदिस्त विद्रधीतही औषध पुरेशा प्रमाणात शिरत नाही. वेदना थांबताच गोळ्या बंद होतात. उरलेले सूक्ष्मजंतू काही महिन्यांनी पुन्हा उसळतात आणि तेच औषध पुन्हा विकत घेतले जाते. अपुऱ्या मात्रेतून प्रतिरोध वाढेल, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. पेनिसिलिनाचा नाश करणारे एंझाइम एब्रहॅम व चेन यांना १९४० मध्येच आढळले होते.

अवायुजीवी सूक्ष्मजंतूंचे महत्त्व उशिरा कळले. दंतशीर्ष अभंग असलेल्या पण मगज मृत झालेल्या दातांतील सूक्ष्मजंतूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अवायुजीवी असतात, असे सुंडक्विस्ट या स्वीडिश संशोधकाने १९७६ मध्ये दाखविले. त्यांपैकी प्रीव्होटेला प्रजातीचे अनेक वाण पेनिसिलीननाशक एंझाइम तयार करतात. शेजारच्या मालागोलाणूंनाही त्याचे आयते संरक्षण मिळते. मेट्रोनिडॅझोलाचा मुखरोगातील उपयोग योगायोगाने कळला : जननमार्गाच्या विकारासाठी ते घेणाऱ्या एका स्त्रीचा हिरड्यांचा रोगही बरा झाल्याचे १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. मालागोलाणूंवर ते निष्प्रभ असल्याने पेनिसिलीन गटातील औषधाबरोबरच ते द्यावे लागते. क्लिंडामायसीन हा पर्यायही आता सर्वत्र खात्रीचा राहिलेला नाही. मधुमेही रोग्यांच्या मानेतील विद्रधीत क्लेब्सिएलाही सापडतो, तेव्हा नेहमीची औषधे अपुरी पडतात.

सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी, जेथे लगतच्या मराठवाड्यातून व कर्नाटकातूनही रोगी येतात, खरी अडचण नमुन्यापासूनच सुरू होते. कापसाच्या बोळ्यावर घेतलेल्या पुवातील अवायुजीवी हवेत मरतात; संवर्धनात फक्त वायुजीवी वाढतात आणि अहवाल दिशाभूल करतो. म्हणून पू सुईने ओढून हवाबंद स्थितीत त्वरित प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. रोग्याचे तोंड उघडत नसेल, गिळणे अशक्य झाले असेल किंवा आवाज बदलला असेल, तर अहवालाची वाट न पाहता प्रथम श्वासमार्ग सुरक्षित करतात, पू बाहेर काढतात व बहुधा दोषी दातही त्याच वेळी उपटतात.