भुंगेऱ्याच्या पंखांचा झगा

इंदुरास आमच्या नात्यातील एक वृद्ध काकू राहतात. त्यांच्या शिसवी पेटीत मलमलीचा एक पायघोळ विलायती झगा पाच पिढ्या जपून ठेवलेला होता. घराच्या छपराचे काम निघाले, पैशाची निकड पडली आणि काकूंनी तो विकावयाचे ठरविले. मी सरकारी नोकर, त्यातून इतिहासाचा एम. ए.; तेव्हा झगा कोणत्या काळचा हे मी पाहून सांगावे, असा निरोप आला.

घरची कथा अशी होती. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला, त्या धामधुमीत काकूंच्या सासरच्या एका पूर्वजांनी एका मडमेला आसरा दिला. आणि तिने जाताना अंगावरचा हा झगा कृतज्ञतेची खूण म्हणून ठेवला. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. झगा मात्र प्रथमच पाहत होतो.

पेटी उघडली तेव्हा आधी दिसली ती हिरवी झळाळी. मलमल पिवळी पडली होती, जर काळवंडली होती, पण तिच्यावर टाकलेल्या वेलबुट्टीतील पाने जणू काल पावसात भिजलेली. काकू त्यांना पाचू म्हणत. ती पाचूची नव्हती, काचेचीही नव्हती. ते होते एका जातीच्या भुंगेऱ्याचे कठीण पंखकवच. पानाच्या आकारात कातरून, कडेला भोके पाडून ते दोऱ्याने कापडावर टाचीत. या कवचाचा रंग कोणा रंगाऱ्याने चढविलेला नसतो. त्याच्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो, त्यातून तो रंग उपजतो. म्हणूनच तो सहसा विटत नाही. एकोणिसाव्या शतकात मद्रास, कलकत्ता, दिल्ली इकडील कारागीर अशी मलमल इंग्रज स्त्रियांसाठी हौसेने भरीत. १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झन यांनी घातलेला प्रसिद्ध मयूरझगा याच कुळातला. त्याचे कापड दिल्लीच्या जरदोजी कारागिरांनी भरले, शिवण पॅरिसला वर्थ यांच्या पेढीत झाली, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंगेऱ्याचा एकेक पंख बसविलेला आहे. इंग्लंडात केडलस्टन हॉल येथे तो आजही आहे. त्याची जर काळवंडली, पंख हिरवेच आहेत. लंडनच्या रंगभूमीवर १८८८ साली एलन टेरी लेडी मॅकबेथ झाल्या, त्या वेळच्या त्यांच्या पोशाखावरही असेच सुमारे हजार पंख होते. सार्जंट या चित्रकाराने त्या पोशाखात त्यांचे चित्र काढले आहे.

ओळख पटली; वय राहिले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. असे कापड पुष्कळदा भरून तयार झालेल्या तुकड्याच्या रूपात विकले जाई, आणि शिवण मागाहून, कधी सातासमुद्रापलीकडे होई. तेव्हा भरतकामाचे वय एक आणि झग्याचे वय दुसरे असू शकते. मी झगा उलटा करून खिडकीशी नेला. घेराचे मुख्य सांधे यंत्राच्या टाक्यांचे निघाले. दोन्ही बाजूंनी एकसारखे, मोजून घातल्यासारखे. सिंगर यांच्या यंत्राचे पेटंट १८५१ चे. कपडे शिवणाऱ्यांच्या घरोघर ती यंत्रे पोहोचली ती त्यानंतरच्या दशकांत. त्याहून बोलका होता तो झग्याचा घाट. घेर पुढे सपाट, आणि मागे कमरेखाली सारे कापड उंच गोळा केलेले. ही १८७० ते १८९० या दोन दशकांतली तऱ्हा. १८५७ च्या सुमारास मडमांचा घेर पोलादी कड्यांच्या पिंजऱ्यावर चहूकडे घंटेसारखा पसरत असे.

मडमेने इंदुरास हा झगा या रूपात घातला असणे शक्यच नव्हते.

तथापि सांध्याच्या आत आणखी काही सापडले. काही पाने शिवणीत अर्धी कापली गेली होती, आणि यंत्राच्या शिवणीशेजारी हाताने घातलेल्या जुन्या टाक्यांची भोके ओळीने दिसत होती. म्हणजे हे कापड पूर्वी एकदा, अधिक घेराच्या झग्यात, शिवले गेले होते. तो पहिला झगा केव्हाचा? १८५७ चा असेलही. परंतु ‘असेलही’ या शब्दावर किंमत मागता येत नाही.

हे काकूंना सांगणे मला जड गेले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे आमच्या घरची माणसे खोटे बोलली, असेच ना बाबा?”

मी म्हणालो, “तसे नाही, काकू. कथा खोटी ठरली नाही; ती खरी ठरविणारा पुरावा या शिवणीत नाही, इतकेच.”

या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही, आणि माझेही झाले नाही.

दुसरी वार्ता त्याहून कटू होती. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची ऐतिहासिक वा कलाकुसरीची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठविता येत नाही. झगा कसाही मोजला तरी शंभरी ओलांडलेला. तो पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा नाटकातला पोशाख म्हणून नोंदवू, असे त्या गिऱ्हाइकाने सुचविले होते, आणि त्याने देऊ केलेल्या रकमेत सबंध छप्पर होऊन वर काही उरले असते. माझ्या पगारात ती तूट भरून काढण्याची ऐपत नव्हती. कायदा सांगणाऱ्याने छपराची सोय करावी लागत नाही, हे किती बरे असते!

काकूंनी त्या गिऱ्हाइकाला परत पाठविले. मला दोष न देता पाठविले, हे त्यांचे मोठेपण.

मग मी एवढेच केले की झगा धुऊ दिला नाही, इस्त्री करू दिली नाही, निखळलेले पंख एका डबीत गोळा केले, आणि एक टिपण लिहिले: कापड एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे असावे, आजची शिवण १८७० ते १८९० मधील, पूर्वी निराळ्या घाटात शिवल्याच्या खुणा स्पष्ट. देशातल्याच एका संग्रहालयाने सहा महिन्यांनी तो विकत घेतला. आलेल्या पैशात अर्ध्या छपरावर नवी कौले पडली. उरलेल्या अर्ध्यावर जुनीच चाळून बसविली.

काकूंची एकच अट होती. मडमेची हकीकत टिपणात आली पाहिजे. शेवटच्या ओळीत ‘घराण्यातील समजूत’ असे लिहून मी ती घातली. काकूंनी टिपण वाचले, ‘समजूत’ या शब्दावर बोट ठेवले, माझ्याकडे पाहिले, आणि खाली सही केली.