छाती न उघडता हृदयाची झडप बदलणारी ‘टावी’ पद्धत

हृदयातून शरीरभर जाणारे रक्त महाधमनी झडपेतून बाहेर पडते. उतारवयात या झडपेवर कॅल्शियम साठून ती कडक व अरुंद होते. चालताना दम लागणे, छातीत दुखणे, भोवळ येणे ही लक्षणे दिसू लागली, की विलंब जिवावर बेतू शकतो. औषधांनी झडप पुन्हा मोकळी होत नाही. ती बदलावी लागते. मात्र छातीचे हाड कापून, हृदय थांबवून होणारी शस्त्रक्रिया अनेक वृद्धांना झेपत नाही.

अशाच एका अत्यवस्थ रुग्णावर फ्रान्समधील रुआँ येथे डॉ. अलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी कॅथेटरद्वारे पहिली झडप बसवली. त्या वेळी शिरेतून आत शिरून हृदयातील पडदा ओलांडावा लागला होता. आता बहुधा जांघेतील धमनीचा सरळ मार्ग वापरतात. धातूच्या जाळीत शिवलेली, गाय किंवा डुकराच्या हृदयावरणापासून केलेली झडप मिटलेल्या स्थितीत वर नेली जाते आणि योग्य जागी उघडली जाते. जुनी झडप काढत नाहीत. ती कडेला दाबली जाते. अनेकदा पूर्ण भूल द्यावी लागत नाही व रुग्ण काही दिवसांतच घरी परततो.

ही पद्धत निर्धोक मात्र नाही. पक्षाघात, झडपेच्या कडेने गळती, पेसमेकरची गरज हे धोके राहतात. जैविक झडप कालांतराने झिजते, त्यामुळे वय निर्णायक ठरते. अमेरिकेतील २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ६५ वर्षांखालील रुग्णांसाठी साधारणतः शस्त्रक्रियेला, तर ८० वर्षांवरील रुग्णांसाठी ‘टावी’ला पसंती आहे, मधल्या वयात डॉक्टर व रुग्णाने मिळून ठरवायचे असते.

भारतात वापी येथील मेरिल कंपनीची ‘मायव्हाल’ ही देशी झडप उपलब्ध आहे. तरीही ही झडप शस्त्रक्रियेतील झडपेपेक्षा कितीतरी महाग पडते. शिवाय येथील चित्र पाश्चात्त्य देशांहून वेगळे आहे. बालपणी झालेल्या संधिज्वरामुळे, म्हणजेच ऱ्हुमॅटिक तापामुळे, झडपा खराब झालेले अनेक रुग्ण तरुण असतात आणि त्यांची बहुधा मिट्रल झडप बिघडलेली असते. ‘टावी’ त्यांच्यासाठी नाही. झडप बदलण्याची वेळ आल्यास अशा तरुणांना बहुतेकदा यांत्रिक झडपच बसवली जाते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली अशी झडप १९९० पासून वापरात आहे. ती बसवल्यावर रक्त गोठू न देणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते व रक्ताची तपासणी नियमित करावी लागते.