साष्टीतली सेलरी

सांधे धरले की वैद्यबुवा अजमोदादि चूर्णाची पुडी बांधून देत, हे वाचकांपैकी अनेकांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. पण अजमोदा म्हणजे नेमके कोणते झाड, असे विचारले तर जाणत्यांतही एकमत होत नाही. कुणी ओव्याच्या एका भावंडाकडे बोट दाखवतो, कुणी सेलरीकडे. दोघेही कोथिंबीर, बडीशेप नि गाजर यांच्याच गोतावळ्यातले, त्यामुळे भांडण घरातल्या घरातच आहे. पंजाबात अमृतसरच्या बाजूला सेलरीची शेते आहेत, पण ती मुख्यतः बियांसाठी. ते बी मसाल्यासाठी परदेशी रवाना होते. हिरवा रसाळ देठ मात्र आपल्याकडे पाहुण्यासारखाच राहिला.

हा पाहुणा मूळचा दलदलीतला. युरोपात, विशेषतः भूमध्य समुद्राच्या काठी, खारट ओलीत आपोआप वाढणारे हे कडवट रानगवत. ग्रीक लोक नेमियाच्या खेळांतल्या विजेत्याला त्याच्या पानांचा मुकुट घालीत. सिसिलीतल्या सेलिनस नगराने तर आपल्या नाण्यांवर त्याचे पान कोरले. पण पानाचा मान वेगळा आणि ताटातली जागा वेगळी! ती जागा मिळायला सतराव्या शतकातल्या इटलीच्या माळ्यांची वाट पाहावी लागली. त्यांनी रोप चरात लावले, वाढेल तसतशी भोवती माती चढवली आणि देठांना ऊन लागू दिले नाही. उन्हावाचून देठ फिके पडले, कोवळे झाले, कडवटपणा उतरला. आज आपण ज्याला सेलरी म्हणतो ती अशी माळ्यांच्या चिकाटीची निर्मिती आहे.

आपल्या मुलखात विलायती भाज्यांची हौस आली ती साहेबांबरोबर. १८३० साली मुंबईत शेती आणि बागकामाला वाहिलेली एक संस्था निघाली. शिवडीला तिची बाग होती. पुढे त्या जागेवर दफनभूमी झाली. पण विलायती भाजीला मुंबईची हवा मानवत नव्हती. तिला थंडी हवी, आणि ती जवळात जवळ होती महाबळेश्वरी.

तिथला इतिहास कादंबरीला शोभेल असा आहे. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने वसलेल्या माल्कमपेठेत एक तुरुंग होता आणि त्यात कैदी होते चिनी आणि मलायी. पेनांग-सिंगापुराकडचे गुन्हेगार इकडे आणि इकडचे तिकडे, असा कंपनी सरकारचा हिशेब होता. माणूस आपल्या भाषेपासून तोडला की अर्धी शिक्षा तिथेच होते, हे त्या राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक होते. या कैद्यांनी रस्ते बांधले, वेताचे काम केले, आणि साहेबांच्या टेबलासाठी बटाटे नि इतर विलायती भाज्या पिकवल्या. १८६४ साली तुरुंग बंद झाला. डोंगरउतारावर वाफे कसे घालावे, पाणी कसे मुरवावे, हे ज्ञान मात्र मागे राहिले. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे कौतुक करताना त्या अनामिक मंडळींची आठवण कोणी काढत नाही, हे मला कृतघ्नपणाचे वाटते.

आता घाट उतरून साष्टीत येऊ. आज ज्याला आपण उपनगरे म्हणतो, ती अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी या साष्टी बेटावरची गावे. वाड्या होत्या, विहिरी होत्या, विहिरींवर रहाट होते. खाजणाची ओल पायाशी होती. गुराढोरांचे शेण होते, आणि १९४९ साली गोरेगावला आरे वसाहत झाल्यावर शहरातल्या म्हशीही इकडेच आल्या. सेलरीला पाणी आणि खत दोन्ही भरपूर लागते, ते दोन्ही इथे होते. नव्हती ती फक्त खाणारी तोंडे! वाडीवाल्याने वांगी, भेंडी, माठ, पडवळ लावले, कारण बाजार त्यांचा होता. कडवट वासाचा देठ लावून तो विकणार कुणाला?

मग पाणी चालू लागले, तेही शहराकडे. १८६० साली विहारचे आणि १८७९ साली तुळशीचे पाणी साष्टीच्या डोंगरातून मुंबई बेटाच्या नळांना गेले. १९४३ साली रेशनिंग आले, ‘अधिक धान्य पिकवा’ची हाक आली, आणि अंगण हे भाजीचे ठिकाण आहे हे शहाण्यासुरत्यांनाही पटले. पण ते पटायला आणि अंगणे जायला एकच गाठ पडली. १९५७ साली बोरिवली नि मुलुंडही बृहन्मुंबईत आले. वाड्यांची नावे तेवढी बसथांब्यांवर आणि सोसायट्यांच्या पाट्यांवर उरली.

आणि सेलरीला गिऱ्हाईक मिळाले ते या सगळ्यानंतर! १९७५ च्या सुमारास नेल्सन वांग यांनी मुंबईत चिकन मांचुरियन केले, असे सांगतात. त्यानंतर चायनीजची गाडी गल्लीगल्लीत पोचली. सूपात, नूडल्समध्ये सेलरी बारीक चिरून पडू लागली. महाबळेश्वरच्या चिनी कैद्याला हे कळते तर तो हसला असता. जमीन होती तेव्हा मागणी नव्हती, मागणी आली तेव्हा जमीन गेली.

उरली खिडकीची जाळी आणि गच्ची. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळ्यातून थोड्या जागेत भरपूर पिकवण्याचा मार्ग दाखवला. तो पुढे मुंबईच्या गच्च्यांवरही आला. सेलरीला तो चांगला लागू पडतो.

गणपती गेले की बी पेरावे. बी इतके बारीक की चिमटीत शेकडो मावतात. ते मातीवर नुसते दाबावे, गाडू नये, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. कुंडी पाण्याच्या माठाशेजारी, गारव्याला ठेवावी. नवरात्रातल्या घटाचे धान नऊ दिवसांत वीतभर होते. सेलरी दोनतीन आठवडे डोळाही उघडत नाही. पुष्कळ जण इथेच हात टेकतात. तुळशीचे लग्न लागले की वीतभर अंतरावर, कुजलेल्या शेणखतात रोपे लावावीत. सकाळचे ऊन, दुपारची सावली, आणि माती एक दिवसही सुकता कामा नये, कारण मूळची दलदल ती विसरलेली नाही. जाड, पांढऱ्या देठाचा हट्ट मात्र मुंबईच्या चिमूटभर थंडीत धरू नये. तो महाबळेश्वराचा मान. बारीक देठाची, पानांची सेलरी लावावी आणि बाहेरचे देठ तेवढे खुडत जावे. ज्याला फिकेपणाची हौस असेल त्याने शेवटचे दोनतीन आठवडे देठांना जुने वर्तमानपत्र गुंडाळावे. होळीपर्यंत सूप होते. मग उन्हाळा देठात दोरे भरतो, आणि कुंडी मिरचीला द्यावी लागते.