ढाल कुणाची, भाडं कुणाचं

१५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून ‘सुदर्शन चक्र’ मोहिमेची घोषणा झाली. २०३५ पर्यंत देशातली मोक्याची ठिकाणं, इस्पितळं, रेल्वे, श्रद्धास्थानं यांच्यावर संरक्षणाचं छत्र येणार. आमच्या सुलतान बाजारात बायकांचा पहिला प्रश्न होता, आपलं हैदराबाद त्यात आहे ना? प्रश्न रास्त आहे. पण ढाल घेतली की पुढे काय काय होतं, याची जुनी हकीकत आपल्या दाराशीच आहे.

आपल्या भागाला ‘कोठी’ म्हणतात ते इंग्रज रेसिडेंटच्या कोठीवरून. १९४९ मध्ये तिथे मुलींचं कॉलेज आलं, आपल्यापैकी कितीजणी तिथल्याच. त्या खांबांखालून वर्षानुवर्षं ये-जा केली तरी ही कोठी इथे उभी का राहिली, हे आम्हाला वर्गात कुणी सांगितलं नाही.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजाम अली खानाचा पराभव केला. त्या वेळी इंग्रज तटस्थ राहिले. निजामाने मग फ्रेंच सरदार रेमंडच्या पलटणींवर भिस्त ठेवली. (आपला मूसारामबाग त्याच्याच नावाचा!) रेमंड १७९८ मध्ये वारला आणि त्याच वर्षी कंपनीने तैनाती फौजेचा तह पुढे केला. सहा पलटणी, वर्षाला २४ लाखांहून अधिक रुपये. फ्रेंच पलटणी मोडायच्या, ही अटही त्यात होती. दोन वर्षांत पैशाऐवजी मुलूखच द्यावा लागला: बल्लारी, अनंतपूर, कडप्पा वगैरे. परराष्ट्रांशी परस्पर बोलायचीही सोय उरली नाही. पुढे ‘कंटिंजंट’ नावाची आणखी एक फौज आली, तिच्या खर्चाची थकबाकी साचली आणि १८५३ मध्ये त्यापोटी आपलं वऱ्हाड गेलं. १७ जुलै १८५७ ला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन लोकांना घेऊन रेसिडेन्सीवर चालून आले, तेव्हा तोफा रेसिडेन्सीच्या बाजूने धडाडल्या. निजामाच्या रक्षणाच्या नावाने आलेलं बळ निजामाच्याच रयतेवर चाललं.

आजची ढाल भाड्याची नाही, हा मोठा फरक, आणि तोही याच शहरात घडला. संतोषनगरच्या पुढे कांचनबागेत डीआरडीएल आहे, १९६२ मध्ये दिल्लीहून इथे आलेली. १९८२ मध्ये अब्दुल कलाम तिचे संचालक झाले. शेजारच्या भारत डायनॅमिक्समध्ये ‘आकाश’ क्षेपणास्त्रं तयार होतात. मे २०२५ च्या संघर्षात ‘आकाश’ उपयोगी पडलं, याचा मला अभिमान आहे, तो मी लपवणार नाही.

पण ड्रोन किंवा विमान पाडणं वेगळं आणि अण्वस्त्र घेऊन येणारं क्षेपणास्त्र अडवणं वेगळं. आपण पाणी दुपदरी कापडातून गाळतो ना, तशीच ही रचना. २७ नोव्हेंबर २००६ ला पृथ्वीवर आधारलेल्या क्षेपणास्त्राने सुमारे ४८ किलोमीटर उंचीवर लक्ष्य टिपलं, तो वरचा पदर. ६ डिसेंबर २००७ ला सुमारे १५ किलोमीटरवर दुसऱ्याने टिपलं, तो खालचा. चाचणीत लक्ष्य आपलंच असतं, वेळही आपली असते. खऱ्या हल्ल्यात खोटी टोपणं, फसवी लक्ष्यं सोबत येतात. पाण्यातून कण गेला तर पुन्हा गाळता येतं. इथे एक निसटलं की शहर गेलं.

आणि समोरचाही हातावर हात ठेवून बसत नाही. अमेरिका आणि सोव्हिएत संघाने १९७२ मध्ये करार करून आपापल्या ढालींना मर्यादा घातली ती याच भीतीने, की ढाल वाढली तर बाण वाढतील. जानेवारी १९८५ मध्ये राजीव गांधींनी दिल्लीत पाच देशांच्या नेत्यांसह अंतराळातल्या शस्त्रस्पर्धेला विरोध केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्याच हस्ते हैदराबादला ‘रिसर्च सेंटर इमारत’ची पायाभरणी झाली! मे २००१ मध्ये बुश यांनी ढालीची योजना मांडली तेव्हा तिचं स्वागत करणाऱ्यांत आपण पुढे होतो. पुढच्या वर्षी अमेरिका त्या करारातून बाहेर पडली. जानेवारी २०१७ मध्ये पाकिस्तानने ‘अबाबील’ची चाचणी केली. एकाच क्षेपणास्त्रावर अनेक अण्वस्त्रं. कारण देताना त्यांच्या लष्कराने या भागात वाढणाऱ्या क्षेपणास्त्रविरोधी ढालींकडेच बोट दाखवलं.

आपल्या आचारशास्त्रात संकल्पी हिंसा वर्ज्य, पण गृहस्थाला विरोधी हिंसा, म्हणजे बचावातली, पूर्ण टाळता येत नाही हे मान्य केलेलं आहे. म्हणून ढालीच्या विरोधात मी नाही. मात्र ढाल ‘नुसती ढाल’ असते, हे मला पटत नाही. माझ्या ढालीमुळे शेजाऱ्याने बाण वाढवले, तर ते हिशेबात कुठे लिहायचे?

आपल्या समाजातले डॉ. दौलतसिंह कोठारी १९४८ मध्ये संरक्षण मंत्र्यांचे पहिले वैज्ञानिक सल्लागार झाले. त्यांनी संरक्षण-विज्ञानाची घडी बसवली, आणि त्यांच्याच देखरेखीखाली १९५६ मध्ये अणुस्फोटांच्या परिणामांवर सरकारी पुस्तक निघालं, पंडित नेहरूंच्या प्रस्तावनेसह. ‘सुदर्शन चक्रा’बद्दल तसंच एक पुस्तक सरकारने काढावं, मराठीत आणि तेलुगूतही: कोणती शहरं आधी, खर्च किती, किती क्षेपणास्त्रं अडतील, किती निसटतील, आणि निसटलेल्या एकाने काय होईल.