जॉर्जियाला चाललोच आहोत, तर आर्मेनियाही करून यायचा का?

गोव्याला चाललोच आहोत, तर एक दिवस गोकर्णही करून येऊ. प्रत्येक ग्रुपमध्ये हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. आता तेच वाक्य परदेशाच्या ट्रिपमध्येही ऐकू यायला लागलंय, फक्त गोव्याच्या जागी जॉर्जिया आणि गोकर्णाच्या जागी आर्मेनिया.

गेल्या काही वर्षांत जॉर्जिया आपल्याकडे चांगलाच गाजला. युरोपसारखं दिसतं, बर्फ मिळतो, शेंगेन व्हिसाची रांग नाही आणि खर्च स्वित्झर्लंडपेक्षा कितीतरी कमी. दुबई-शारजात नोकरी करणाऱ्या मराठी घरांमध्ये तर ईदच्या सुट्टीत तिबिलिसी ठरलेलंच असतं. पूर्वी जॉर्जियाला जोडून लोक बाकू करायचे. पण मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेतली, आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅव्हल कंपन्यांनी तिथलं बुकिंग थांबवलं आणि रील्समध्ये आर्मेनिया दिसायला लागला. 'एका ट्रिपमध्ये २ देश, पासपोर्टवर २ शिक्के' वगैरे.

प्रश्न असा, की या दुसऱ्या शिक्क्यासाठी पहिल्या देशातलं काय सोडावं लागतं? रील ३० सेकंदांची असते. त्यात सीमेवरची रांग दिसत नाही.

अंतर किती?

जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी, आर्मेनियाची येरेवान. दोन्हींच्या मध्ये रस्त्याने २७५ ते ३०० किलोमीटर. मुंबई-नाशिकचा हिशोब लावून 'साडेतीन तासांत पोहोचू' म्हणाल तर फसाल. रस्ता डोंगरातून जातो आणि मध्ये सीमा आहे. जॉर्जियाच्या बाजूला सादाख्लो, आर्मेनियाच्या बाजूला बाग्राताशेन. गाडीतून उतरायचं, बॅगा घेऊन एका देशातून बाहेर पडायचं, पलीकडे पुन्हा शिक्का. एकूण ५ ते ६ तास धरा, रांग लागली तर जास्त.

रात्रीची रेल्वेही आहे. साधारण १० तास लागतात. हिवाळ्यात ती एक दिवसाआड धावते, उन्हाळ्यात रोज. हॉटेलची एक रात्र वाचते हे खरं, पण पासपोर्ट तपासायला मध्यरात्री उठवतात. कॉलेजच्या मित्रांना ही मजा वाटेल. आई-बाबांना घेऊन जात असाल तर गाडीच करा.

थोडक्यात, जायला एक दिवस गेला. परत तिबिलिसीलाच यायचं असेल, तर यायलाही एक दिवस. ७ दिवसांच्या सुट्टीतले २ दिवस गाडीच्या खिडकीत. बहुतेकांचा घोळ इथेच होतो, पण त्याहून मोठी अडचण पुढे आहे.

खरी गोम परतीच्या वाटेत

समजा, तुम्ही मुंबई-तिबिलिसी-मुंबई असं तिकीट काढलंय. मध्ये २ दिवस आर्मेनियाला जाऊन आलात. म्हणजे जॉर्जियात तुमचा प्रवेश दोनदा झाला, एकदा विमानतळावर आणि दुसऱ्यांदा सादाख्लोच्या सीमेवर. तुमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर आर्मेनियात पाऊल टाकताच तो संपला. परतीचं विमान तिबिलिसीहून आणि तुम्ही सीमेच्या पलीकडे. व्हिसाच्या कागदावर प्रवेशांची संख्या लिहिलेली असते. ती आधी पाहा. एजंट 'हो हो, चालतं' म्हणाला तरी स्वतः पाहा.

व्हिसा अनेक प्रवेशांचा असला तरी प्रश्न पुरता मिटत नाही. आत सोडायचं की नाही, हे शेवटी सीमेवरचा अधिकारी ठरवतो आणि कागद पूर्ण असूनही जॉर्जियातून परत पाठवल्याच्या तक्रारी भारतीय प्रवासी गेली काही वर्षं करत आले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये एका भारतीय महिलेची पोस्ट व्हायरल झाली होती. आर्मेनियातून सादाख्लोमार्गे जॉर्जियात शिरताना ५६ भारतीयांच्या गटाला थंडीत ५ तासांहून जास्त थांबवून ठेवलं आणि वाईट वागणूक दिली, असा तिचा आरोप होता. रोज अनेक भारतीय त्याच सीमेवरून सुखरूप ये-जा करतात हेही तितकंच खरं. पण ज्या दाराशी कटकट होण्याची शक्यता आहे, त्या दारातून एकाच सुट्टीत दोनदा कशाला जायचं?

उपाय तसा सोपा आहे. जॉर्जियात विमानाने उतरा, तिथलं फिरणं उरका, रस्त्याने आर्मेनियात जा आणि घरी परतायचं विमान येरेवानहून धरा. जॉर्जियात एकदाच प्रवेश, आर्मेनियात एकदाच प्रवेश आणि मागे यायचा दिवसही वाचला. उलट क्रमाने, म्हणजे येरेवानला उतरून तिबिलिसीहून परतायचं ठरवलंत, तरी दिवस वाचतो. पण मग जॉर्जियातला तुमचा पहिला प्रवेशच सादाख्लोवरून होतो. म्हणून माझं मत जॉर्जिया आधी, आर्मेनिया नंतर.

तिकीट शोधताना 'राउंड ट्रिप' ऐवजी 'मल्टी सिटी' हा पर्याय निवडा. फ्लायदुबई आणि एअर अरेबिया या दोन्ही कंपन्यांची विमानं तिबिलिसीलाही जातात आणि येरेवानलाही, त्यामुळे दुबई किंवा शारजामार्गे असं तिकीट जुळवता येतं. दिल्ली-तिबिलिसी थेट विमान इंडिगोने २०२३ मध्ये सुरू केलं, पण येरेवानहून परतायचं तर त्याचं राउंड ट्रिप तिकीट कामाचं नाही. मल्टी सिटीचं भाडं थोडं जास्त दिसेल. त्यातून परतीची टॅक्सी आणि एका रात्रीचं हॉटेल वजा करून मग तुलना करा.

आणखी एक. तिबिलिसी विमानतळावर परतीचं तिकीट विचारतात. तुमचं तिकीट येरेवानहून असेल, तर त्यासोबत आर्मेनियाचा ई-व्हिसा आणि येरेवानच्या हॉटेलचं बुकिंग छापून हातात ठेवा, नाहीतर 'तुम्ही इथून बाहेर कसे जाणार?' या प्रश्नावर मोबाइलमध्ये मेल शोधत बसाल.

कागदपत्रं आणि पैसे

आर्मेनियाचा ई-व्हिसा भारतीयांना घरबसल्या मिळतो. सरकारी फी २१ दिवसांसाठी ३,००० द्राम आणि १२० दिवसांसाठी १५,००० द्राम अशी राहिली आहे. ३,००० द्राम म्हणजे साधारण ७०० रुपये. एजंट याचे ४-५ हजार लावत असेल, तर तो नेमकं कशाचे घेतोय ते विचारा. अर्ज करण्याआधी सरकारी संकेतस्थळावर ताजी फी बघून घ्या.

जॉर्जियाचाही ई-व्हिसा आहे. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन किंवा आखाती देशांचा वैध व्हिसा किंवा निवास परवाना असेल, तर वेगळा व्हिसा लागत नाही. पण एक सवलत एका देशात चालली म्हणून शेजारीही चालेल असं समजू नका. दोन्ही देशांचे नियम स्वतंत्र आहेत आणि वरचेवर बदलतात. १ जानेवारी २०२६ पासून जॉर्जियाने पर्यटकांना आरोग्य आणि अपघात विमा सक्तीचा केलाय, किमान ३०,००० लारींचा. आपल्या हिशोबाने ९-१० लाख रुपये. विमा काढताना त्यावर दोन्ही देशांची नावं येतील असं बघा.

जॉर्जियाचा लारी आर्मेनियात चालत नाही आणि पुण्या-मुंबईत तो कुणी बदलूनही देणार नाही. सीमा ओलांडण्याआधीच संपवा.

पण आर्मेनियात आहे काय?

एवढा खटाटोप करून बघायचं काय, हे आधी ठरवायला हवं. कारण जॉर्जियात ४-५ चर्च पाहून झाल्यावर आर्मेनियात पुन्हा चर्च आणि मठच समोर येतात. इ.स. ३०१ मध्ये ख्रिस्ती धर्माला राजधर्म करणारा हा पहिला देश मानला जातो, त्यामुळे ते साहजिकही आहे. ज्यांना गेर्गेतीच्या चर्चपेक्षा मागचा कझबेक पर्वत आवडला, बर्फात लोळायचं आहे, त्यांनी तेच २ दिवस गुदाउरीत घालवावेत. मुलं लहान असतील तर नक्कीच.

इतिहासाची, जुन्या दगडांची ओढ असेल तर मात्र गोष्ट वेगळी. येरेवानपासून २८ किलोमीटरवर गार्नी आहे. पहिल्या शतकातलं, ग्रीक धाटणीच्या खांबांचं मंदिर. १६७९ च्या भूकंपात ते कोसळलं आणि १९६९ ते १९७५ या काळात त्याच दगडांचा जमेल तितका वापर करून पुन्हा उभं केलं. ते मिहर या सूर्यदेवाचं होतं असं मानतात आणि हा मिहर आपल्या वेदांमधल्या मित्र देवाच्या नात्यातला.

तिथून थोडं पुढे दरीच्या टोकाला गेगार्द. या मठाचा काही भाग १३ व्या शतकात सरळ डोंगर आत कोरून केलाय. वेरूळचं कैलास पाहिलेल्या माणसाने त्या आकाराची अपेक्षा ठेवू नये. पण आत शिरल्यावर भिंतीतून झिरपणारं झऱ्याचं पाणी, छताच्या भोकातून येणारा एकच कवडसा आणि कुणी गायलं तर घुमणारा आवाज, हे फोटोत येत नाही. युनेस्कोच्या यादीत हा मठ २००० पासून आहे. गार्नी आणि गेगार्द मिळून एक दिवस आरामात जातो.

खोर विराप हा मठ येरेवानहून ४० एक किलोमीटरवर. तिथे लोक मठासाठी कमी आणि मागच्या अरारात पर्वतासाठी जास्त जातात. ५,१३७ मीटर उंचीचा हा पर्वत आर्मेनियाच्या राजचिन्हावर आहे, पण प्रत्यक्षात तो तुर्कीत आहे. १९९३ मध्ये तुर्कीने ही सीमा बंद केली. १९१५ मध्ये ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांचा जो संहार झाला, त्याचं स्मारक येरेवानमध्येच आहे. ते पाहून मग खोर विरापला गेलात, तर समोर दिसणारा पण हाताला न लागणारा तो डोंगर इथल्या लोकांना काय वाटत असेल, याचा थोडा अंदाज येतो. सकाळी लवकर जा. उन्हाळ्यात दुपारी धुरकट हवेत अख्खा अरारात गायब होतो.

एक धागा आपल्याकडचाही आहे. मुंबईत फोर्टमध्ये मेडोज स्ट्रीटवर आर्मेनियन लोकांचं जुनं चर्च आहे, व्यापारासाठी इथे आलेल्या आर्मेनियनांनी बांधलेलं. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक, 'अझदारार', १७९४ मध्ये छापलं गेलं ते मद्रासला. आज उलटी वाहतूक आहे. येरेवानमध्ये मेडिकल शिकणारी भारतीय मुलं बरीच आहेत आणि त्यांच्यामुळे वरणभाताच्या जवळपास जाणारं काहीतरी मिळतंच. शाकाहारी लोकांची तिथल्या जेवणातही अगदीच उपासमार होत नाही. लवाश ही पातळ रोटी जिथे तिथे असते आणि झिंग्यालोव हात्स म्हणजे दहा-बारा पालेभाज्या भरलेला पराठाच.

मग जोडायचा की नाही?

एकूण ६ रात्री असतील तर नको. जॉर्जियाच नीट करा. ७-८ रात्रींत ओढाताण होते. ९ किंवा जास्त रात्री हाताशी असतील आणि तिकीट येरेवानहून परतीचं मिळत असेल, तर जरूर जोडा. तिबिलिसी आणि काखेती मिळून ४ रात्री, कझबेगी-गुदाउरी २, येरेवान ३. येरेवानला ३ पेक्षा कमी रात्री देणार असाल, तर तो बेत सोडून दिलेला बरा. तातेवचा ५.७ किलोमीटरचा रोपवे फार गाजतो, पण तो येरेवानपासून अडीचशे किलोमीटरवर आहे. ३ रात्रींत तो बसत नाही, बसवू नका.

सीमा ओलांडण्याचा दिवस वाया जाऊ नये म्हणून शेअर टॅक्सीऐवजी चालकासह पूर्ण गाडी ठरवा. चौघं-पाच जण असाल तर परवडते. सीमेपासून तासाभरावर देबेद नदीच्या दरीवर हाघपात आणि सानाहिन हे दोन मठ आहेत, दोन्ही युनेस्कोच्या यादीतले. त्यातला एक पाहून, दिलिजानच्या जंगलातून सेवान तलावाशी यायचं. हा तलाव साधारण १,९०० मीटर उंचीवर आहे. मग अंधार पडेपर्यंत येरेवान. तिबिलिसीहून सकाळी ८ ला निघालात तरच हे जमतं.

तिबिलिसीहून 'एका दिवसात आर्मेनिया' अशाही सहली विकल्या जातात. १३-१४ तास गाडी, प्रत्येक ठिकाणी ४० मिनिटं आणि संध्याकाळी पुन्हा सादाख्लोची रांग. शिक्का मिळतो, एवढंच.

आणि आर्मेनियासोबत बाकूही जोडू, असं कुणी म्हणत असेल तर थांबवा. आर्मेनिया-अझरबैजान सीमा बंद आहे. शिवाय अझरबैजानने मार्च २०२० मध्ये जमिनीवरच्या सीमा प्रवाशांसाठी बंद केल्या आणि पुढे वर्षानुवर्षं ती बंदी वाढवत नेली. म्हणजे बाकूला विमानानेच जावं लागतं.

जायचं ठरलंच, तर मे, सप्टेंबर किंवा ऑक्टोबर बघा. जुलै-ऑगस्टमध्ये येरेवान ३५ अंशांच्या वर तापतं, त्यासाठी विदर्भ जवळ आहे. मेच्या सुट्टीत मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी सेवानसाठी स्वेटर वरच्याच बॅगेत ठेवावा.